आपली मुंगी, परकी मुंगी

मुंग्यांविषयी आपण वर्गात दोन गोष्टी हमखास सांगतो. मुंगी कष्टाळू असते आणि मुंग्या एकजुटीने राहतात. पहिली गोष्ट सध्या बाजूला ठेवू. दुसरी मात्र अर्धीच खरी आहे. मुंग्यांची एकजूट असते ती आपल्या घरापुरती. थोड्या अंतरावर त्याच जातीच्या मुंग्यांचे दुसरे घर असले, तर तिथली मुंगी यांच्या लेखी परकी असते, आणि बहुधा शत्रूच.

शाळेच्या आवारातल्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी काळे मुंगळे वर-खाली करताना आपण पाहतो. समोरासमोर आलेले दोन मुंगळे क्षणभर थांबतात, एकमेकांना मिशांनी चाचपतात आणि आपापल्या वाटेने जातात. आता बऱ्याच अंतरावरच्या दुसऱ्या झाडाखालचा एक मुंगळा उचलून या रांगेत सोडला तर काय होते? तेच चाचपणे, पण लगेच जबडे उघडतात. कोणी पाय धरते, कोणी मिशी. मुंगळ्याला नांगी नसते. तो चावतो आणि पोट पुढे वळवून चाव्याच्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतो. पाहुणा पळून गेला नाही तर त्याची धडगत नसते. रंग तोच, आकार तोच, जातही तीच. मग हा परका आहे हे एका क्षणात कळले कसे?

या प्रश्नाचे उत्तर आता बरेचसे हाती आले आहे. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो: भोवतालचा परिसर बदलला, तर आपले आणि परके यांतली रेषा कुठे सरकते? गडहिंग्लज भागातल्या शिक्षकांना हा प्रश्न जवळचा वाटावा. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते आणि पुढे संकेश्वरकडे जाते. या थोड्या प्रवासात पाऊस झपाट्याने कमी होत जातो. पश्चिमेला दाट झाडी, नदीकाठी ऊस, पूर्वेकडच्या माळावर भुईमूग, ज्वारी, मिरची. जिथे पाणी पोचले तिथे जिरायत शेत जाऊन ऊस आला. माणसाच्या दृष्टीने हा पीक बदलण्याचा हिशेब आहे. जमिनीखाली घर करून राहणाऱ्या मुंग्यांच्या दृष्टीने मात्र ऊन, ओल, अन्न आणि शेजारी, सारेच बदलते.

खूण अंगावरच असते

मुंग्या एकमेकींना काही परवलीचा इशारा करीत असतील, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. इंग्लंडमधील सर जॉन लबक यांनी ही कल्पना एका गमतीदार प्रयोगाने तपासली. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरील त्यांचे पुस्तक १८८२ साली प्रसिद्ध झाले, त्यात तो दिला आहे. त्यांनी काही मुंग्यांना मद्य पाजले. हातपायही नीट हलवता न येणाऱ्या या मुंग्यांपैकी काही त्याच घरातल्या होत्या, काही दुसऱ्या घरातल्या. शुद्धीवरच्या मुंग्या प्रथम गोंधळल्या. मग त्यांनी आपल्या घरच्या झिंगलेल्या मुंग्या बहुतांशी उचलून घरी नेल्या आणि परक्या मुंग्या भोवतीच्या पाण्याच्या खंदकात नेऊन टाकल्या. झिंगलेली मुंगी इशारा काय देणार? म्हणजे ओळखीची खूण तिच्या वागण्यात नसून अंगावरच असली पाहिजे.

ही खूण वासाची आहे. मुंगीच्या कवचावर मेणासारख्या पदार्थाचा अत्यंत पातळ थर असतो. तो मुख्यतः हायड्रोकार्बनांचा बनलेला असतो. कार्बनच्या सुमारे २० ते ४० अणूंच्या या लांब साखळ्या; काही सरळ, काही फांद्या फुटलेल्या. थराचे मूळ काम शरीरातले पाणी उडून जाऊ न देणे हे. एवढ्याशा देहाला उन्हात फिरायचे तर असे आवरण हवेच. त्याच थराचा दुसरा उपयोग ओळखीसाठी होतो. एका जातीच्या सगळ्या मुंग्यांत साधारण तीच संयुगे असतात, पण त्यांचे परस्परप्रमाण घरागणिक वेगळे. भाजीचे मसाले सगळीकडे तेच, तरी प्रत्येक घरच्या आमटीची चव निराळी, तसेच काहीसे.

गडहिंग्लज हे फुटबॉलचे वेड असलेले गाव. तेव्हा मुलांना संघाच्या जर्सीचे उदाहरण सहज कळेल. मैदानावर खेळाडू चेहरा पाहत बसत नाही. जर्सीचा रंग पाहतो आणि चेंडू देतो. मुंग्यांचेही तसेच. फरक इतकाच, की मुंगीची जर्सी कोणी शिवून देत नाही. ती सगळ्यांनी मिळून सतत रंगवली जात असते. मुंग्या एकमेकींना चाटतात, तोंडातून तोंडात अन्न भरवतात. त्याबरोबर ही संयुगेही अंगाअंगावर पसरतात आणि साऱ्या घराचा मिळून एक वास तयार होतो. कोशातून नुकतीच बाहेर पडलेली मुंगी जवळपास बिनवासाची असते. पहिल्या काही दिवसांत ती घराचा वास अंगावर घेते आणि मेंदूतही साठवते. तिच्यापुरता तोच ‘आपला’ वास. ‘आपले’पण मुंगी जन्मतः पूर्ण घेऊन येत नाही, त्याचा बराच भाग ती शिकते.

परिसर बदलला की जर्सीही

घराचा वास दोन गोष्टींवर ठरतो: मुंग्यांच्या आनुवंशिक घडणीवर आणि भोवतालच्या परिस्थितीवर. दुसऱ्या गोष्टीचा स्पष्ट पुरावा अमेरिकेत ल्यांग आणि सिल्व्हरमन यांनी २००० साली दिला. त्यांनी आर्जेन्टिनी मुंग्यांच्या एकाच वसाहतीचे भाग वेगळे केले. एकाला खाण्यासाठी विशिष्ट जातीची झुरळे दिली, दुसऱ्याला वेगळे अन्न. झुरळाच्या अंगावरची हायड्रोकार्बने ती खाणाऱ्या मुंग्यांच्या अंगावर उतरली. पुन्हा एकत्र आणल्यावर या सख्ख्या बहिणी एकमेकींवर तुटून पडल्या. रक्त तेच राहिले, जेवण बदलले, आणि बहीण परकी झाली.

तापमानाचाही असाच परिणाम होतो. अमेरिकेच्या वाळवंटी भागात धान्य गोळा करणाऱ्या मुंग्या आहेत. त्यांच्यात घराबाहेर उन्हात फिरणाऱ्या कामकऱ्यांच्या अंगावर सरळ साखळीची हायड्रोकार्बने अधिक असतात. घराची डागडुजी करणाऱ्यांच्या अंगावर कमी. याचे कारण रसायनशास्त्रात आहे. सरळ साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बसतात, त्या वितळायला जास्त उष्णता लागते, आणि म्हणून उन्हात पाणी रोखून धरायला त्याच उपयोगी पडतात. मुंग्यांना उष्ण व कोरड्या हवेत ठेवले, तर हे प्रमाण वाढते असेही २००१ साली डायन वॅगनर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. पाणी राखणारा थर आणि ओळख देणारा थर एकच आहे. म्हणून हवा बदलली की मुंगीला जगण्यासाठी थर बदलावा लागतो, आणि तो बदलला की ओळख ढळण्याची शक्यता निर्माण होते. उसाच्या फडातली सावली व ओल आणि शेजारच्या माळावरचे ऊन यांत राहणाऱ्या एकाच जातीच्या मुंग्यांचे वास यामुळे एकमेकांपासून दूर जाऊ शकतात, असा तर्क यावरून करता येतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

भांडण महाग पडते

मग मुंग्या सतत लढतच असतात का? नाही. लढाईत कामकरी मरतात आणि तेवढा वेळ अन्न आणायचे राहते. त्यामुळे भांडण टाळण्याच्या किंवा आवरण्याच्या रीतीही मुंग्यांत दिसतात. ॲरिझोनातील मधुघट मुंग्यांच्या शेजारी वसाहती हद्दीवर शेकड्यांनी जमतात. पाय ताणून, अंग उंच करून दोघी एकमेकींभोवती फिरतात आणि मिशांनी एकमेकींच्या पोटावर टकटक करतात. इजा क्वचितच होते. ज्यांची संख्या कमी पडते त्या मागे सरतात. बर्ट होल्डोब्लर यांनी १९७६ साली या ‘सामन्यां’चे वर्णन केले. बळ अगदीच विषम असेल तर मात्र सामना संपतो आणि लूट सुरू होते.

आपल्या आंब्याच्या झाडांवर पाने शिवून घर करणाऱ्या तांबूस विणकर मुंग्या, म्हणजे कोकणातले ओंबील, याबाबत फारच कडक. त्यांची एक वसाहत अनेक झाडांवर पसरलेली असते आणि त्या साऱ्या टापूवर पहारा असतो. हद्दीजवळच्या घरट्यांत वयस्क कामकरी मुंग्या जास्त असतात. ज्यांचे आयुष्य थोडे उरले आहे त्यांनाच सीमेवर ठेवण्यात वसाहतीचे नुकसान कमी होते. अनेक प्राण्यांत शेजाऱ्याशी जुळवून घेतले जाते आणि अनोळखी पाहुण्याशी भांडण जास्त होते. ऑस्ट्रेलियातील विणकर मुंग्यांवरचा २०१० सालचा अभ्यास मात्र उलटे सांगतो. त्या दूरच्या परक्यापेक्षा शेजारच्या वसाहतीवर अधिक तुटून पडतात. दूरची मुंगी एखादीच भरकटून आलेली असते; शेजारीण मात्र आपले झाड घेऊ शकते.

शेजाऱ्याचा वास मुंगी लक्षातही ठेवते. जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात फोल्कर नेरिंग आणि सहकाऱ्यांनी काळ्या बागमुंग्यांवर केलेला प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. काही मुंग्यांची एका ठरावीक घराच्या आक्रमक मुंग्यांशी रोज थोडा वेळ गाठ घालून दिली. पुढे त्या घराच्या मुंग्या भेटल्यावर त्या नव्या परक्यांपेक्षा अधिक आक्रमक झाल्या. ज्यांना शांत परक्या भेटल्या होत्या, त्यांचा आक्रमकपणा कमी होता. म्हणजे भांडखोरपणाही काही अंशी अनुभवाने घडतो.

घरात पाणी शिरते तेव्हा

२०१९ आणि २०२१ या वर्षी कोल्हापूर जिल्ह्याने महापूर पाहिले. पुराच्या बातम्यांत माणसे, गुरे, पिके येतात. जमिनीखालच्या वसाहतींनाही त्या दिवसांत घर सोडावे लागते. अशा स्थलांतराच्या वेळी शेजारी कसे वागतात?

याचा भारतात झालेला एक चांगला अभ्यास आहे. डायकम्मा इंडिकम या मुंगीत वेगळी राणी नसते. कामकऱ्यांतलीच एक अंडी घालते. पावसाचे पाणी घरात शिरले की ही मुंगी घर बदलते. वाट माहीत असलेली मुंगी एकेकीला मागे घेऊन, अंगाला अंग लावून नव्या घरी नेते. कोलकात्याजवळील मोहनपूरच्या ‘आयसर’ या संस्थेत सुमना अण्णागिरी आणि सहकाऱ्यांना असे दिसले, की हलवाहलवीच्या या काळात शेजारच्या वसाहतीतल्या मुंग्या येऊन कोश पळवतात. चोरलेल्या कोशांतून बाहेर पडणाऱ्या मुंग्या चोरांच्या घरी कामाला लागतात. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. वर सांगितलेली नव्या मुंगीची बिनवासाची अवस्था येथे चोरांच्या पथ्यावर पडते. जिच्यावर अजून कुठलाच रंग नाही, ती ज्या घरात उठते त्याच घराची होते. संकट एका वसाहतीवर येते आणि संधी शेजारच्या वसाहतीला मिळते. परिसर बदलतो तेव्हा त्याची झळ सर्वांना सारखी लागत नाही.

भांडण संपते तेव्हा

एव्हाना वाचकांच्या मनात आले असेल, की या मुंग्यांनी भांडणे सोडली तर किती बरे होईल! तसे एकदा घडले आहे. त्याचा परिणाम चांगला झाला नाही.

आर्जेन्टिनी मुंगी मूळची दक्षिण अमेरिकेतील पाराना नदीच्या खोऱ्यातली. तिथे तिच्या वसाहती एकमेकींशी जोरात भांडतात, त्यामुळे कोणतीच हाताबाहेर वाढत नाही. मालाच्या जहाजांतून ती कॅलिफोर्नियात आणि युरोपात पोचली. नव्या जागी आलेल्या मुंग्या मूठभर होत्या, म्हणून वासातली विविधताही थोडीच आली, असे एक स्पष्टीकरण आहे. निराळ्या वासाच्या वसाहती बहुसंख्येकडून मारल्या गेल्या असाव्यात, असे दुसरे. निष्कर्ष दोन्हींचा एकच: मैदानावर उरलेल्या सर्वांची जर्सी जवळजवळ सारखी झाली. इटलीपासून स्पेन-पोर्तुगालपर्यंत सुमारे ६,००० किलोमीटर किनाऱ्यावरच्या मुंग्या आपसांत लढत नाहीत, असे २००२ साली दाखवण्यात आले. त्यानंतर २००९ सालच्या अभ्यासात जपान, कॅलिफोर्निया आणि युरोप येथील मुख्य महावसाहतींच्या मुंग्याही एकमेकींना आपलीच समजतात असे आढळले.

या शांततेचा हिशेब १९९८ साली कॅलिफोर्नियात मांडला गेला. प्रयोगशाळेत काही घरांच्या भांडणाऱ्या जोड्या लावल्या, काहींच्या न भांडणाऱ्या. न भांडणाऱ्यांत मरण कमी झाले, अन्न जास्त गोळा झाले, अळ्या आणि कामकरी वाढले. भांडणात खर्च होणारी सगळी शक्ती आता वाढीला मिळाली. त्या वाढीपुढे स्थानिक मुंग्यांच्या अनेक जाती नाहीशा झाल्या. त्या मुंग्या खाऊन जगणारा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा शिंगाडा सरडाही त्या भागातून हटला. आपसांतली शांतता बाहेरच्यांना फार महाग पडली.

पिवळ्या ‘वेड्या’ मुंगीची कथा अशीच आहे. लांब पायांची, दिशाहीन पळल्यासारखी दिसणारी ही मुंगी आम्लाचा फवारा मारते. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर १९८९ साली तिची पहिली महावसाहत आढळली. खवले किडींचा गोड चिकटा तिला भरपूर मिळाला आणि पुढे तिने बेटावरचे एक कोटीहून अधिक तांबडे खेकडे मारले. अखेर २०१६ साली खवले किडींवर जगणारी एक इवलीशी गांधीलमाशी मलेशियातून आणून तिथे सोडण्यात आली. मुंगी मारण्यापेक्षा तिचे अन्न तोडणे शहाणपणाचे ठरावे, असा हा विचार. भारतातही ही मुंगी आहे. तमिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात करंदमलै जंगलाच्या कडेच्या गावांत २०२२ साली तिचा एवढा उपद्रव झाला, की गुरे-शेळ्या जंगलात चारायला नेणे अवघड झाले.

आपल्या दारातली पाहुणी

इतके दूर जायलाही नको. आपल्याकडे शेताच्या बांधावर पाय पडताच कडकडून डसणाऱ्या, डंखाची आग आग करणाऱ्या तांबड्या मुंग्यांत एक जात आहे, सोलेनॉप्सिस जेमिनाटा. तीही मूळची आपली नाही. ती मध्य अमेरिकेच्या परिसरातली. मेक्सिकोतील अकापुल्को बंदरातून स्पॅनिश जहाजांनी ती सोळाव्या शतकात फिलिपाइन्समधील मनिलाला नेली आणि तिथून ती आशियात पसरली, असे तिच्या आनुवंशिक घडणीच्या २०१५ सालच्या अभ्यासातून दिसले. गडहिंग्लजच्या शेंगा आणि संकेश्वरची मिरची ही पिकेही मूळची अमेरिका खंडातलीच. आपण पिके ठेवून घेतली. मुंगी स्वतःच राहिली.

या मुंगीला उघडी, नांगरलेली, माणसाने हलवलेली जमीन मानवते. दाट सावलीच्या अस्पर्श जंगलात तिचे फारसे चालत नाही. म्हणून कोणत्या जागी कोणती मुंगी जिंकते, हे केवळ मुंगीच्या बळावर ठरत नाही. मैदान कोणी आणि कसे तयार केले यावरही ते ठरते. बांधावरची झाडे तोडणे, गवत पेटवणे, सरसकट कीटकनाशक फवारणे, या प्रत्येक गोष्टीने आपण कुणातरी मुंगीच्या बाजूने कौल देत असतो. स्थानिक मुंग्यांची मिश्र, आपसांत भांडणारी वस्ती टिकून असेल, तर नव्या पाहुणीला पाय रोवणे अवघड जाते.

वर्गात करून पाहा

या विषयाचा अभ्यास फार थोड्या साधनांत होतो. डसणाऱ्या तांबड्या मुंग्या आणि विणकर मुंग्या टाळाव्या. काळे मुंगळे घ्यावे. तेही चावतात, म्हणून रंगकामाच्या मऊ कुंचल्याने उचलावे. एका लहान वाडग्याच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर लावली की ते वर चढू शकत नाहीत. त्यात एका वेळी दोनच मुंगळे सोडून पाच मिनिटे पाहावे आणि जे जास्तीत जास्त तीव्र वागणे दिसेल त्याला गुण द्यावा: दुर्लक्ष ०, मिशांनी चाचपणे १, दूर पळणे २, जबडे उघडून धावणे ३, पकडून झुंजणे ४. झुंज लागताच दोघांना वेगळे करून आपापल्या घराजवळ सोडावे.

दोन्ही मुंगळे एकाच घरचे अशा दहा जोड्या आणि दोन वेगळ्या घरांचे अशा दहा जोड्या घ्याव्या. कोणती जोडी कुठली हे गुण देणाऱ्या मुलाला ठाऊक नसावे, नाहीतर त्याला हवे तेच दिसेल. दोन झाडांखालचे मुंगळे मुळीच भांडले नाहीत, तर प्रयोग फसला असे समजू नये. ती दोन्ही घरे एकाच वसाहतीची असू शकतात. वसाहतीची हद्द आखण्यासाठी संशोधकही हीच युक्ती वापरतात. शाळेच्या आवाराचा नकाशा काढून त्यावर या हद्दी रेखाव्या आणि उन्हाळ्यात, पावसाळ्यात व दिवाळीनंतर तेच पुन्हा करावे. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी साठल्या, तर आपल्या गावात पाणी, पीक आणि पाऊस बदलताना हद्दी कशा सरकतात हे सांगणारे साधन त्या शाळेच्या हाती येईल.

मुले एक प्रश्न नक्की विचारतील: मग मुंग्यांनी भांडावे की नाही? याचे उत्तर मुंग्यांकडे नाही, हे त्यांना सरळ सांगावे. मुंगीपुढे निवड नसते. तिच्या अंगावर जो वास बसला तोच तिचा पक्ष. आपल्या अंगावरही जन्मापासून कितीतरी रंग चढतात. पण ते कसे चढले याचा विचार आपण करू शकतो, आणि मैदान कसे राखायचे हेही आपणच ठरवतो.